साखळी-ट्रॅक्टरची ओळख

एखाद्या गावाच्या शिवेवर, जुन्या कारखान्याच्या आवारात किंवा धरणाच्या कामासाठी एके काळी उभारलेल्या वसाहतीमागे कधी कधी एक गंजलेले लोखंडी धूड उभे असलेले दिसते. त्याला रबरी चाके नसतात. दोन्ही बाजूंस जाड लोखंडी पट्ट्यांच्या माळा असतात आणि त्यांतून गवत वर आलेले असते. चालकाच्या बैठकीची गादी केव्हाच नाहीशी झालेली असते. जाणारे-येणारे त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. मग एके दिवशी भंगाराचा व्यापारी येतो, वजनाचा अदमास घेतो आणि भाव ठरवतो. गॅस कटरने यंत्राचे तुकडे होतात व चार-सहा दिवसांत जागा मोकळी होते. ते यंत्र कोणते होते, कोठून आले होते, त्याने कोणती जमीन नांगरली किंवा कोणता बांध घातला, हे सांगणारे मागे काहीच उरत नाही.

अशा यंत्रास साखळी-ट्रॅक्टर म्हणतात. खेड्यापाड्यांत त्याला ‘चेनचा ट्रॅक्टर’ किंवा नुसते ‘डोझर’ असेही म्हणतात. त्यांपैकी जी यंत्रे पन्नास-साठ किंवा त्याहून अधिक वर्षांची आहेत, ती आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. त्यांतील काही तरी वाचावीत असे वाटत असेल, तर प्रथम ती ओळखता आली पाहिजेत. ज्याची ओळख पटलेली नाही, त्याची किंमत वजनावरच ठरते.

साखळी-ट्रॅक्टरची रचना समजण्यास कठीण नाही. त्याच्या प्रत्येक बाजूस मागे एक मोठे दातेरी चाक असते. इंजिनाची शक्ती या चाकापर्यंत पोहोचते. पुढच्या टोकास एक गुळगुळीत चाक असते. या दोन्ही चाकांवरून लोखंडी कड्यांची एक अखंड साखळी फिरते. साखळीच्या प्रत्येक कड्यावर एक रुंद पट्टी बसवलेली असते व तिच्यावर माती पकडण्यासाठी उंच धार असते. दोन्ही चाकांच्या मध्ये, खालच्या बाजूस, लहान लहान रूळ असतात. यंत्राचा सर्व भार त्यांवर असतो. दातेरी चाक फिरू लागले म्हणजे साखळी मागून वर, वरून पुढे आणि पुढून खाली येते. यंत्र जणू स्वतःच स्वतःपुढे लोखंडी रस्ता अंथरते, त्यावरून चालते आणि मागे तो उचलून घेते.

या रचनेचा लाभ एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, एका ट्रॅक्टरचे वजन ९,००० किलोग्रॅम आहे. त्याच्या प्रत्येक साखळीचा जमिनीस टेकलेला भाग २०० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही साखळ्यांखालची जमीन मिळून १८,००० चौरस सेंटिमीटर झाली. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलोग्रॅम भार पडला. आता ४० किलोग्रॅम वजनाचा एखादा मुलगा चालताना एक पाऊल उचलतो, तेव्हा त्याचे सर्व वजन दुसऱ्या पावलावर येते. त्या पावलाचे क्षेत्र १०० चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.४ किलोग्रॅम भार येतो. नऊ हजार किलोग्रॅमचे यंत्र आणि शाळकरी मुलगा यांचा जमिनीवरील दाब असा जवळजवळ सारखाच ठरतो. म्हणूनच जेथे चाकांचे वाहन चिखलात रुतते, तेथून साखळी-ट्रॅक्टर सहज पुढे जातो. शिवाय पट्ट्यांच्या धारा मातीत घट्ट बसत असल्यामुळे तो न घसरता मोठे ओझे ओढू शकतो.

हे यंत्र जन्मास आले तेही चिखलातच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॉक्टन गावाजवळची शेतजमीन अतिशय मऊ व दलदलीची होती. तेथे वाफेच्या इंजिनावर चालणारे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. त्यांची चाके रुंद करून पाहिली, तरी अडचण दूर होईना. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने मग मागची चाके काढून त्या जागी लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या साखळ्या बसवल्या आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्या यंत्राची परीक्षा घेतली. ते दलदलीतून न रुतता चालले. त्याची चाल पाहून एका छायाचित्रकाराला सुरवंटाची आठवण झाली, असे सांगतात. सुरवंटाला इंग्रजीत ‘कॅटरपिलर’ म्हणतात. होल्टने तेच नाव आपल्या यंत्रास दिले आणि १९१० साली त्याची नोंदणी केली. १९२५ साली होल्ट व बेस्ट हे दोन कारखाने एकत्र आले आणि त्यांतून कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी निघाली. पुढे इंटरनॅशनल हार्वेस्टर, ॲलिस-चाल्मर्स, क्लीट्रॅक इत्यादी अमेरिकन कारखान्यांची यंत्रेही जगभर पसरली.

भारतात या यंत्रांची मोठी गरज निर्माण झाली ती दुसरे महायुद्ध संपल्यावर. देशात धान्याचा तुटवडा होता. मध्य भारतातील लाखो एकर काळी जमीन कांस नावाच्या गवताने व्यापली होती. कांसाची मुळे इतकी खोल जातात, की बैलांच्या नांगराने ती निघत नाहीत. हे काम हाती घेण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. अमेरिकन सैन्याने युद्धानंतर मागे ठेवलेले साखळी-ट्रॅक्टर दुरुस्त करून तिने कामाला आरंभ केला. नवे अवजड ट्रॅक्टर घेता यावेत म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारतास एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या बँकेने भारताला दिलेले हे दुसरेच कर्ज होय. पुढे १९५६ साली राजस्थानातील सुरतगड येथे सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांच्या साहाय्याने एक मोठे सरकारी शेत सुरू झाले. अशा रीतीने निरनिराळ्या देशांची यंत्रे भारताच्या मातीत उतरली. १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि माती हलवणारी अवजड यंत्रे आपल्या देशातही तयार होऊ लागली.

महाराष्ट्रात कांसाची जागा हरळी आणि कुंदा यांनी घेतली होती. ‘हरळीच्या मुळ्या’ हा शब्दप्रयोग चिवटपणासाठी रूढ आहे, तो उगाच नव्हे. हरळीच्या मुळीचा एक तुकडा जरी मातीत राहिला, तरी त्यातून पुन्हा गवत फुटते. ती मुळापासून काढावयाची, तर उन्हाळ्यात जमीन खोल नांगरून ढेकळे उन्हात तापू द्यावी लागतात. एका नांगरास सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपूनही हे काम संथपणे होई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवून या कामास बळ दिले. पण ओढणारे बैलच होते. साखळी-ट्रॅक्टरने ओढण्याची शक्ती एकदम वाढवली.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा प्रदेश पाहिला, म्हणजे माती हलवण्याचे काम किती परींचे असते ते कळते. पश्चिमेस सह्याद्रीचे उतार आहेत. तेथील आदिवासी शेतकरी उतारावर दगडांचे बांध घालतात, त्यांच्या आत माती भरून ती सपाट करतात आणि भाताची खाचरे तयार करतात. एकमेकांच्या मदतीने करावयाच्या या कामास ‘पडकई’ म्हणतात. कुदळ, पहार, फावडे व घमेले एवढीच त्याची साधने. एक खाचर नीट तयार व्हावयास कित्येक दिवस लागतात. पूर्वेस गेले म्हणजे डोंगर मागे पडतात आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठची काळी जमीन लागते. तेथे आज ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे पिकतात, कारण कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी शेतापर्यंत पोहोचले आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही ती पाच धरणे होत.

धरण बांधणे व कालवे खणणे म्हणजे लक्षावधी घनमीटर माती खोदणे, ढकलणे, पसरणे आणि दाबणे. अशा कामासाठी साखळी-ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी पाते बसवतात. मग त्याचाच डोझर होतो. त्याने माणसांचे श्रम वाचवले, यात शंका नाही. परंतु धरणांमुळे काही गावांना आपली जागाही सोडावी लागली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे मुख्य ठिकाण आता घोडेगाव आहे. माणसाच्या हाती अशी प्रचंड शक्ती आली तेव्हा भूमीचे रूप कसे पालटले, कोणाला पाणी मिळाले आणि कोणाचे घर गेले, ही सर्व हकिगत त्या काळच्या यंत्रांशी जोडलेली आहे. म्हणून जुने यंत्र हा इतिहासाचा एक पुरावा आहे आणि पुराव्याप्रमाणेच तो तपासला पाहिजे.

जुन्या साखळी-ट्रॅक्टरची तपासणी दुरून आरंभावी व हळूहळू जवळ जावे. प्रथम त्याच्या एकूण आकाराकडे पाहावे. अगदी आरंभीच्या काही यंत्रांना पुढच्या बाजूस दिशा बदलण्यासाठी एक चाक असे. पुढे हे चाक गेले आणि बैठकीसमोर दोन दांडे आले. उजवा दांडा ओढला की उजव्या साखळीकडे जाणारी शक्ती तुटते, डावी साखळी चालू राहते आणि यंत्र उजवीकडे वळते. पुढे पाते असेल, तर ते कशाने उचलले जाते तेही पाहावे. तारेचा दोर व कप्प्या असतील, तर ती जुनी पद्धत समजावी. तेलाच्या दाबावर सरकणारे दट्टे असतील, तर रचना बहुधा नंतरची असते. पाते नसून मागे नांगर जोडण्याचा भक्कम आकडा असेल, तर ते यंत्र शेतीकडे राबले असण्याचा संभव अधिक.

यानंतर इंजिन पाहावे. डिझेल इंजिन सुरू करण्यासाठी ते जोराने फिरवावे लागते. मोठे इंजिन हाताने फिरवणे शक्य नसते. कॅटरपिलर कंपनीने यासाठी मोठ्या इंजिनाच्या अंगास एक लहानसे, दोन नळकांड्यांचे पेट्रोल इंजिन जोडले होते. चालक आधी लहान इंजिन सुरू करी आणि त्याच्या बळावर मोठे इंजिन फिरवी. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ‘टीडी’ मालिकेतील यंत्रांत निराळी युक्ती होती. तेथे एकच इंजिन प्रथम पेट्रोलवर सुरू होई आणि थोडे तापले म्हणजे डिझेलवर चालू लागे. १९४०च्या सुमारास ॲलिस-चाल्मर्सच्या यंत्रांत जनरल मोटर्सची दोन फेऱ्यांची डिझेल इंजिने बसवलेली असत. तेव्हा इंजिनाशेजारी लहान इंजिन आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवरूनही कारखान्याचा तर्क करता येतो.

तिसरी खूण रंगाची. उन्हापावसाने वरचा रंग उडालेला असला, तरी सांध्यांत, झाकणाखाली किंवा ग्रीसच्या थराखाली मूळ रंग टिकून राहतो. कॅटरपिलरची यंत्रे १९३१ सालापर्यंत करड्या रंगाची असत. त्या वर्षापासून ती पिवळी झाली. ॲलिस-चाल्मर्सचा रंग नारिंगी होता. पिवळ्या किंवा नारिंगी रंगाखाली लष्करी हिरव्या रंगाचा थर सापडला, तर ते यंत्र शेतावर येण्यापूर्वी सैन्यात होते असे अनुमान करता येते. मात्र रंग कोणीही केव्हाही देऊ शकतो. त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय देऊ नये. दुसरा पुरावा पाहावा.

तो दुसरा, सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे क्रमांक. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रास स्वतःचा क्रमांक असतो. तो पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लिहिलेला असतो आणि यंत्राच्या अंगावरही ठोकलेला असतो. कॅटरपिलरच्या क्रमांकाच्या आरंभी एक खूण असते. त्यांच्या ‘डी-४’ या यंत्राचे उदाहरण घेऊ. येथे ‘डी’ म्हणजे डिझेल. १९४७ ते १९५९ या काळात बनलेल्या डी-४च्या क्रमांकाआधी ‘६यू’ किंवा ‘७यू’ अशी अक्षरे येतात. ६यू असेल, तर दोन्ही साखळ्यांच्या मध्यरेषांतील अंतर ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर असते. ७यू असेल, तर ते ६० इंच, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर असते. त्यामुळे पट्टीवरची अक्षरे वाचल्यावर टेप लावून अंतर मोजता येते. दोन्ही जुळली, तर ओळख पक्की होते. न जुळल्यास पट्टी दुसऱ्या यंत्राची असावी, किंवा निरनिराळ्या यंत्रांचे भाग जोडून हे यंत्र चालू ठेवले असावे. यंत्रावरची अक्षरे रशियन लिपीत असतील, तर शोधाची दिशाच बदलते.

अक्षरांचे हे महत्त्व जुन्नरच्या परिसरात निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात सातवाहनांच्या काळातील एक लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्या मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरल्या होत्या. १८२८ साली विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने या लेण्यातील लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मूर्ती आता नष्ट झाल्या आहेत. पायांच्या थोड्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु त्यांच्या वरच्या बाजूस ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली होती, ती राहिली. म्हणून तेथे सिमुक सातवाहन होता, राणी नागनिका होती, सातकर्णी होता, हे आज सांगता येते. नावे नसती, तर त्या पायांच्या खुणा कोणाच्या, हे कोणासही कळले नसते. यंत्राची क्रमांकपट्टी हीदेखील अशीच लहानशी लेखपट्टी आहे. शोभेसाठी ती काढून घेणारा मनुष्य यंत्राचे नावच पुसून टाकतो. म्हणून ती जागेवरून हलवू नये. घासकागदाने किंवा छिन्नीने ती खरवडू नये. मऊ फडक्याने व थोड्या तेलाने माती पुसावी, अक्षरे वहीत उतरून घ्यावीत आणि छायाचित्र काढावे.

यंत्राची ओळख त्याच्या अंगावरच संपत नाही. ते चालवणारी माणसे, त्याची दुरुस्ती करणारे कारागीर, त्या कामावर राबलेले मजूर यांच्या आठवणी हाही त्याचा भाग आहे. हे यंत्र लिलावात घेतले होते काय? ते कोणत्या कामावर होते? केव्हा बंद पडले व कशाने? हे प्रश्न गावातील वृद्ध माणसांना आदराने विचारावेत आणि उत्तरे तारीख घालून लिहून ठेवावीत. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहावे. लोखंड गंजावयास अनेक वर्षे लागतात. मनुष्याची आठवण त्याच्या आधीच पुसट होऊ शकते.

ओळख पटल्यावर जतनाचा विचार येतो. येथे पहिले पाऊल हातोडीचे नसून परवानगीचे असते. पडून राहिलेली वस्तू बेवारस असतेच असे नाही. तिचा मालक एखादा शेतकरी असेल, सहकारी संस्था असेल किंवा सरकारी खाते असेल. मालकाची लेखी संमती मिळाल्याशिवाय एक खिळाही काढणे योग्य नव्हे. मालकाला भंगाराचे पैसे हवे असतील, तर त्याची गरजही समजून घेतली पाहिजे. जतन करू इच्छिणाऱ्यांनी त्याला योग्य मोबदला द्यावा, किंवा यंत्र त्याच्याच जागी राहू देऊन त्याचे रक्षण करावे.

दुसरे काम पाण्यापासून बचावाचे. जुन्या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस. धूर जाण्याची नळी बहुधा उभी असते. तिच्यावर झाकण नसेल, तर पावसाचे पाणी थेट इंजिनात उतरते. आतले दट्टे गंजून नळकांड्यांस चिकटून बसतात आणि इंजिन फिरेनासे होते. नळीवर एक रिकामा डबा उपडा घालण्यास काहीच खर्च येत नाही. पण एवढ्याने एखादे इंजिन वाचू शकते. इंजिनावर पत्रा किंवा ताडपत्री अशी बांधावी, की वारा खेळता राहील. साखळीभोवतीची माती व गवत काढून टाकावे, कारण ओली माती लोखंडास रात्रंदिवस गंजवीत असते.

तिसरी गोष्ट म्हणजे घाई न करणे. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन लगेच सुरू करून पाहण्याचा मोह अनेकांस होतो. त्यात आतले भाग मोडण्याचे भय असते. जाणकार कारागीर प्रथम खालची चकती सैल करून तेलाबरोबर पाणी येते का ते पाहतो. नंतर नळकांड्यांत पातळ तेल सोडतो, ते कित्येक दिवस मुरू देतो आणि मग हाताने, अगदी थोडे थोडे, इंजिन हलवून पाहतो. अडकलेल्या ठिकाणी तो जोर लावीत नाही. पुन्हा तेल सोडून वाट पाहतो.

यंत्र हलवण्याचे काम सर्वांत जोखमीचे असते. लहान साखळी-ट्रॅक्टर तीन-चार टनांचा असतो, तर मोठ्याचे वजन पंधरा टनांहूनही अधिक भरते. तो डांबरी रस्त्यावरून चालवला तर रस्ता उखडतो. म्हणून त्यास बुटक्या ट्रेलरवर चढवून न्यावे लागते. त्याआधी रूळ व चाके फिरतात की नाहीत ते पाहावे लागते. साखळी ताणून धरणारी स्प्रिंग प्रचंड दाबाखाली बसवलेली असते. ती अजाणतेपणी सोडली, तर प्राणावर बेतते. ही कामे अनुभवी माणसांनीच करावयाची असतात. मुलांनी यंत्रावर चढू नये व त्याच्या खाली जाऊ नये. लोखंडाच्या धारा आणि गवतात दडलेले साप यांचाही धोका असतो. मुलांचे काम यंत्राचा पत्ता लावण्याचे, मोजण्याचे, लिहिण्याचे व मोठ्यांस कळवण्याचे आहे. आणि ते काही हलके काम नव्हे.

वेळेवर पटलेल्या ओळखीमुळे काय साधते, याचे एक उदाहरण भारतात प्रसिद्ध आहे. पंजाबातील पतियाळा संस्थानात एकाच रुळावर चालणारी एक आगळी रेल्वे होती. ती १९२७ साली बंद पडली आणि तिची इंजिने सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात पडून राहिली. १९६२ साली रेल्वेच्या इतिहासाचे अभ्यासक मायकेल सॅटो यांच्या दृष्टीस ती पडली. पस्तीस वर्षे गंजत पडलेले ते लोखंड काय आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात त्यांतील एक इंजिन दुरुस्त झाले आणि आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ओळखणारा मनुष्य येण्यापूर्वी भंगाराचा लिलाव झाला असता, तर त्या रेल्वेची हकिगत केवळ कागदावर राहिली असती.

आणखी जवळचे उदाहरण जुन्नरच्या पूर्वेस आहे. माळशेज घाट, ओतूर व आळेफाटा यांवरून जाणारा रस्ता अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास पोहोचतो. तेथे भारतीय सैन्याचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. रणगाडा हा साखळी-ट्रॅक्टरचाच नातलग होय. पहिल्या महायुद्धात तोफा ओढणारे होल्टचे ट्रॅक्टर पाहून काही ब्रिटिश अधिकाऱ्यांना चिलखती गाडीस साखळ्या लावण्याची कल्पना सुचली आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी रणगाडे प्रथम रणांगणावर आले. या संग्रहालयात व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, भारतात बनलेला विजयंत इत्यादी रणगाडे जपलेले आहेत. युद्धात लढलेल्या साखळ्यांना तेथे मानाची जागा मिळाली. शेतात व धरणांवर राबलेल्या साखळ्यांनाही निदान एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात जागा मिळावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

प्रत्येक जुने यंत्र वाचवता येणार नाही, हे खरे. जागा, पैसा व मनुष्यबळ यांना मर्यादा असतात. भंगारातले लोखंड वितळून पुन्हा उपयोगी पडते, तेही वाया जात नाही. म्हणून निवड करावी लागते. ज्या जातीची यंत्रे फार थोडी उरली आहेत, ज्यांचे मूळ भाग शाबूत आहेत आणि ज्यांची स्थानिक हकिगत माहीत आहे, ती आधी वाचवावीत. जे वाचवणे अशक्य असेल, त्याची निदान पूर्ण नोंद करावी: क्रमांक, मापे, छायाचित्रे, ते जेथे राबले त्या जागेचे नाव आणि चालवणाऱ्याची हकिगत. एखादा सुटा भाग पट्टीसह शाळेत ठेवता आला, तर तोही ठेवावा.

पडकईच्या खाचरात मातीचे एकेक घमेले वाहणाऱ्या माणसाचे श्रम पाहिले, म्हणजे साखळी-ट्रॅक्टरचे बळ काय होते ते कळते. आणि जलाशयाच्या काठी उभे राहून बुडालेल्या गावाचे नाव ऐकले, म्हणजे ते बळ किती विचाराने वापरावे लागते तेही कळते. या दोन्ही गोष्टी पुढच्या पिढीला कळाव्यात, यासाठी ते गंजलेले धूड उपयोगी आहे. गॅस कटर पेटण्यापूर्वी कोणी तरी त्याच्याजवळ जाऊन त्याचा क्रमांक वाचला पाहिजे.